कामाच्या माणसांशी बोलताना : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

गेल्या अंकात आम्ही वाचकांना विचारलं होतं, की घरी, सोसायटीत, कारखान्यात, बाजारात जी माणसं राबतात त्यांच्याशी आपण कसं बोलतो आणि त्यांच्या हातात कुठल्या भाषेतले कागद देतो, याबद्दल तुमचे काय प्रश्न आहेत ते कळवा. पत्रं भरपूर आली, सगळी छापायला जागा नाही म्हणून त्यातली सहा घेतेय. बऱ्याच जणांना "योग्य शब्द कोणता ते सांगा" एवढंच हवंय, तो जिथे सांगता येईल तिथे सांगितलाय, पण काही पत्रांत प्रश्न शब्दापाशी थांबत नाही, तिथे मीही थांबले नाही.

आमच्या सोसायटीत लिफ्टपाशी बोर्ड होता, "नोकर, मोलकरणी व डिलिव्हरीवाल्यांनी ही लिफ्ट वापरू नये." मी मीटिंगमध्ये म्हटलं की हे बरं दिसत नाही. तर कमिटीने नवीन बोर्ड केला, "हाउस हेल्प व डिलिव्हरी स्टाफने मागची लिफ्ट वापरावी." आता सगळे विचारतात, झालं ना समाधान? माझं झालेलं नाही, पण नेमकं काय खटकतंय ते मला बोलून दाखवता येत नाही. आणि घरी कामाला येणाऱ्या बाईंना काय म्हणावं, मोलकरीण, कामवाली, मावशी, मदतनीस? – एक वाचक, डोंबिवली

तुम्हाला खटकतंय ते अगदी बरोबर खटकतंय, कारण बोर्डावरचा शब्द बदलला आणि बंदी आहे तिथेच आहे. कोण कुठल्या लिफ्टने जाणार हे तुमची सोसायटी अजूनही माणूस बघून ठरवतेय. मागची लिफ्ट खरंच सामानासाठी असेल तर सामानाचं नाव लिहा ना, "फर्निचर, जड सामान, बांधकामाचा माल मागच्या लिफ्टने न्यावा", मग तो माल कुणीही आणलेला असो, फ्लॅटच्या मालकाने किंवा डिलिव्हरीच्या मुलाने. सकाळी सहापासून चौथ्या मजल्यावर एक घर, नवव्यावर दोन घरं, मग शेजारच्या विंगमध्ये अजून एक असं धावत काम करणाऱ्या बाईला मागच्या लिफ्टची वाट बघत उभं करायचं आणि ती उशिरा आली म्हणून आपणच बोलायचं, हे मला तरी पटत नाही. पुढच्या मीटिंगमध्ये शब्दावर वाद घालू नका, बोर्डच काढायला सांगा.

आता शब्दाचं. १९८० साली पुण्यात घरकाम करणाऱ्या बायकांनी आपण होऊन संप केला होता आणि त्यातून जी संघटना उभी राहिली तिचं नाव पुणे शहर मोलकरीण संघटना असं होतं. म्हणजे त्या बायकांनी हाच शब्द घेतला आणि त्याचा झेंडा केला. आम्ही मोल घेऊन काम करतो, फुकटचं काही घेत नाही, यात लाजण्यासारखं त्यांना काही वाटलं नाही. नंतर २००८ साली महाराष्ट्रात कल्याण मंडळाचा कायदा झाला त्यात "घरेलू कामगार" आलं, आणि आज बऱ्याच संघटना "घरकामगार" म्हणतात. मला स्वतःला हा शब्द सगळ्यात बरा वाटतो, कारण त्यात कामगार आहे, आणि कामगार म्हटलं की सुट्टी, पगार, बोनस हे विषय आपोआप बोलायला येतात. सोसायटीच्या रजिस्टरमध्ये, गेटपासवर, नोटिशीत घरकामगार लिहा. "हाउस हेल्प" नको. हेल्प शेजारी करतो, ती पैसे घेऊन काम करते.

मावशी म्हणायला काही हरकत नाही, प्रेमाने म्हणत असाल तर. पण मी इतक्या घरांत ऐकलंय की "मावशी आमच्या घरच्याच आहेत", आणि मग त्याच वाक्याच्या आधारावर चार दिवसांचा खाडा कापला जातो, पाहुणे आले की जादाची भांडी तशीच घासून घेतली जातात, आणि दिवाळीला पगाराऐवजी साडी दिली जाते. घरचं म्हणायचं असेल तर घरच्या माणसाला आजारपणात जशी सुट्टी मिळते तशी द्या, आणि कामगार म्हणून पगारी सुट्टीही द्या. आपण रविवारी उशिरापर्यंत लोळतो ना, ती सुट्टी मुंबईच्या गिरणी कामगारांनी मागून घेतलेली आहे. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ साली कामगारांच्या सभा घेतल्या, साडेपाच हजार कामगारांच्या वतीने निवेदन दिलं, त्यात आठवड्याची एक सुट्टी ही पहिली मागणी होती आणि ती मिळायला १० जून १८९० उजाडलं. आणि आज आपल्या बहुतेक घरांत रविवारी सगळ्यात जास्त भांडी पडतात. म्हणून मला वाटतं की तुमच्या बाईंना आठवड्याची सुट्टी आहे का, हा प्रश्न त्यांना काय म्हणायचं याच्या आधी येतो.

बाकी हाक मारायला त्यांचं नाव आहे. त्यांनाच विचारा काय म्हणू म्हणून, आणि नावापुढे ताई किंवा बाई लावा. घरातल्या लहान मुलांवर लक्ष ठेवा, साठीच्या बाईला सहा वर्षांचं पोर नुसतं नावाने आणि "तू" म्हणून बोलावतं तेव्हा ते पोर आपल्याकडूनच शिकलेलं असतं. एक उपयोगाची गोष्ट पण सांगते, १८ ते ६० वयाच्या घरकामगारांची नोंदणी कल्याण मंडळाकडे होते, तुमच्या भागातल्या कामगार कार्यालयात चौकशी करा आणि सोसायटीत येणाऱ्या सगळ्यांचे फॉर्म भरायला एक दुपार द्या. आणि कामाच्या जागी लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा घरकामगारांनाही लागू आहे, ज्या घरात ती काम करते ते घर तिची कामाची जागा धरलं जातं, तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. ही माहिती त्या लिफ्टपाशी लावा, बोर्डासाठी जागा रिकामी होईलच.

माझे वडील एमआयडीसीतल्या एका कंपनीत कित्येक वर्षं मशीनवर आहेत, शिक्षण सातवी. मध्यंतरी सुपरवायझरशी त्यांचा वाद झाला. मग एचआरने बोलावून चार पानी इंग्रजी कागद हातात दिला आणि दुसऱ्या कॉपीवर सही घेतली. घरी मी मोबाईलवर भाषांतर करून बघितलं तर ती चार्जशीट निघाली, शिवीगाळ केली आणि काम बंद पाडलं असा आरोप आहे. सहीच्या वर "वाचले व समजले" असं इंग्रजीत छापलेलं होतं. तेव्हापासून वडील धड जेवत नाहीत, म्हणतात मी अडाणी म्हणून मला फसवलं. आता काही करता येईल का? – एक वाचक, सातारा

येईल, आणि लगेच करायचंय, म्हणून आधी ते सांगते. वडिलांना मराठीत एक पत्र लिहायला सांगा, शक्यतो त्यांच्याच हाताने, अक्षर कसंही असो. मजकूर साधा ठेवा: "अमुक तारखेला मला इंग्रजीत पत्र देण्यात आले. मला इंग्रजी वाचता येत नाही. मजकूर मला वाचून दाखवला नाही व समजावून सांगितला नाही, तरी माझी सही घेण्यात आली. पत्राची मराठी प्रत द्यावी आणि ती मिळाल्यापासून उत्तरासाठी मुदत द्यावी. आरोप मला मान्य नाहीत, सविस्तर उत्तर मराठी प्रत मिळाल्यावर देईन." शेवटची ओळ विसरू नका, नाहीतर मुदत संपली आणि उत्तर आलं नाही असं दाखवून पुढे जातात. दोन कॉप्या करा, एकीवर कंपनीची पोच घ्या, पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा. त्या चार्जशीटचं भाषांतर मोबाईलवर केलंय तेवढ्यावर उत्तर लिहू नका, कायद्याचे शब्द त्यात हमखास चुकतात, युनियनमधल्या जाणत्या माणसाकडून किंवा कामगार कोर्टात काम करणाऱ्या वकिलाकडून नीट वाचून घ्या. जुन्या कामगार कायद्यांच्या जागी नवे कामगार कोड आल्यामुळे तुमच्या कंपनीला आता नेमक्या कुठल्या स्टँडिंग ऑर्डर्स, म्हणजे नोकरीचे आणि शिस्तीचे लेखी नियम, लागतात तेही त्यांनाच विचारा.

पुढे खातेचौकशी, म्हणजे या आरोपांची कंपनीतच होणारी चौकशी, लागेल. आरोप काय ते स्पष्ट कळणं, आपली बाजू मांडायला मिळणं आणि सोबत एखादा सहकारी किंवा युनियनचा माणूस घेता येणं या गोष्टी मागून घ्यायच्या असतात, कंपनी आपणहून सांगेलच असं नाही. चौकशी कुठल्या भाषेत चालावी हेसुद्धा मागता येतं. १९४६ च्या स्टँडिंग ऑर्डर्सच्या कायद्याखाली केंद्राने जे नमुना नियम केले होते त्यात चौकशी हिंदी, इंग्रजी किंवा राज्याच्या भाषेत, यातली कामगाराला जी हवी त्या भाषेत चालवावी असं सरळ लिहिलेलं होतं. तर पहिल्याच तारखेला वडिलांनी लेखी मागावं की कामकाज मराठीत चालवा. रोजच्या कामकाजाच्या कागदावर सही मागितली आणि तो इंग्रजीत असेल तर सहीच्या वर मराठीत लिहायचं, "मजकूर इंग्रजीत आहे, मला समजलेला नाही." ही एक ओळ कोर्टात फार कामाला येते. आणि सस्पेंड केलं तर निर्वाह भत्ता मागा, पहिले ९० दिवस निम्मा पगार हे जुन्या कायद्यापासून चालत आलंय.

आता वडिलांच्या मनाला जे लागलंय त्याबद्दल. त्यांना सांगा की ज्याला इंग्रजी येत नाही हे माहीत असताना "वाचले व समजले" वर सही घेतली, लाज वाटायची तर ती सही घेणाऱ्याला वाटू दे. हे कायदा करणाऱ्यांच्याही लक्षात आलेलं होतं, १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात लिहिलं होतं की कारखान्यातल्या नोटिसा इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना कळेल त्या भाषेत लावाव्यात, आणि १९४६ च्या कायद्यात स्टँडिंग ऑर्डर्सबद्दल तेच. म्हणजे देश स्वतंत्र होत होता तेव्हापासून ही गोष्ट मान्य आहे की ज्याच्या पोटाचा प्रश्न त्याला तो कागद वाचता आला पाहिजे.

तुम्ही एकदा कंपनीच्या गेटमधून आत जाताना भिंती बघा. हेल्मेट घाला, मोबाईल वापरल्यास दंड, शिफ्ट सुटायच्या आधी पंचिंग करू नये, हे सगळं मराठीत, अनेक ठिकाणी हिंदीतही, कारण ते कळावं अशी कंपनीची इच्छा असते. प्रॉडक्शनचं टार्गेट तर सुपरवायझर कानात मराठीतच ओरडून सांगतो. पगारवाढीचा करार, पीएफचा फॉर्म, चार्जशीट, राजीनाम्याचा तयार मसुदा हे मात्र इंग्रजीत येतं आणि विचारलं की म्हणतात फॉरमॅट हेड ऑफिसचा आहे. तोच हेड ऑफिसचा फॉरमॅट दंडाच्या बोर्डाला आडवा येत नाही. मला याचा राग येतो आणि तो मी लपवणार नाही. एक वाक्य भाषांतर करायला किती वेळ लागतो? माणसाची अर्धी जिंदगी ज्या मशीनवर गेली तिथून त्याला काढायचं असेल तर निदान त्याला कळेल अशा भाषेत सांगा की का काढताय.

आणि हे फक्त मराठीपुरतं म्हणत नाहीये. तुमच्या एमआयडीसीत बिहारचे, ओडिशाचे, बंगालचे कितीतरी मजूर ठेकेदाराकडे आहेत, त्यांच्याकडून तर मराठी इंग्रजी दोन्ही कागदांवर अंगठे घेतले जातात. मराठीचा आग्रह धरताना त्यांच्या शेजारी बसून तो कागद हिंदीत वाचून दाखवणं हे पण आपलंच काम आहे, वडिलांच्या युनियनला हे नक्की सांगा.

मी अंगणवाडी सेविका आहे. गावात सगळे मला बाई म्हणतात, मान देतात, सेविका हा शब्द मला आवडतो. पण माझी कॉलेजला जाणारी मुलगी म्हणते, "आई, हा शब्दच तुझा पगार खातोय." तिचं बरोबर आहे का? – एक वाचक, बीड जिल्हा

तुमचं पण बरोबर आहे आणि तिचं पण. गावाने दिलेला मान खरा आहे, तो तुम्ही कमावलाय, त्या शब्दाशी तुमची माया आहे ती सोडायची काही गरज नाही. पण मुलगी बोलतेय ते सरकारी कागदाबद्दल. अंगणवाडीची योजना सुरू झाली २ ऑक्टोबर १९७५ ला, तेव्हापासून तुम्हाला जे मिळतं त्याला पगार म्हटलेलं नाही, मानधन म्हटलंय. मानधन आपण कुणाला देतो, गॅदरिंगला आलेल्या पाहुण्याला, एक दिवस व्याख्यान देणाऱ्याला. तुम्ही रोज अंगणवाडी उघडता, पोरांची वजनं उंची घेता, आहार वाटता, गरोदर बायकांच्या घरी जाता, लसीकरणाच्या दिवशी सगळं गाव गोळा करता, रात्री मोबाईलवर पोषण ट्रॅकर भरता, निवडणूक आली की मतदार यादीचं काम, सर्व्हे आला की सर्व्हे. एवढं करून कागदावर तुम्ही स्वेच्छेने सेवा करणाऱ्या, आणि स्वेच्छेने करणाऱ्याला किमान वेतन नाही, पेन्शन नाही. मुलीने हे नीट पकडलंय, हुशार आहे.

२५ एप्रिल २०२२ ला सुप्रीम कोर्टाने गुजरातमधल्या अंगणवाडी कर्मचाऱ्यांच्या केसमध्ये निकाल दिला की सेविका आणि मदतनीस यांना १९७२ च्या कायद्याखाली ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. सरकारची बाजू हीच होती की हे मानधन आहे, वेतन नाही, आणि कोर्टाने ते मानलं नाही, नाव काहीही द्या, कामाच्या बदल्यात मिळतं ते त्या कायद्याच्या अर्थाने वेतनच आहे असं धरलं. मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो, कारण इतक्या वर्षांत पहिल्यांदा एवढ्या वरच्या पातळीवर कुणीतरी तुमच्या कामाकडे बघितलं आणि त्याच्या नावापाशी अडकलं नाही. महाराष्ट्रात ४ डिसेंबर २०२३ पासून तुम्ही सगळ्यांनी जो बेमुदत संप केला, कडाक्याच्या थंडीत मुंबईला आझाद मैदानावर बायका येऊन बसल्या, त्यात पगारवाढीबरोबर ग्रॅच्युइटी आणि पेन्शन याच मागण्या होत्या. आणि बघा, संघटनांच्या नावात, कृती समितीच्या नावात "अंगणवाडी कर्मचारी" असतं. म्हणजे बायकांनी आपसात हा प्रश्न कधीच सोडवलाय, गावात सेविका आणि मोर्चात कर्मचारी.

आशा ताईंचंही हेच. त्या तर नावातच कार्यकर्त्या, कागदावर "स्वयंसेविका", आणि कामाप्रमाणे मोबदला. २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातल्या आशांचा गौरव केला, पेपरात फोटो आले, सगळ्यांनी अभिमानाने फॉरवर्ड केले. गौरव झाला ते चांगलंच झालं, पण त्यांचा मोबदला वेळेवर यावा म्हणून त्यांना त्याच वर्षी आणि नंतरही रस्त्यावर यावं लागलं. शहरात डिलिव्हरीच्या मुलांना कंपन्या "पार्टनर" म्हणतात तोही यातलाच प्रकार, पार्टनरला नफ्यात वाटा असतो, याला पावसात गाडी घसरली तर प्लास्टरचा खर्चही स्वतःचा. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत "गिग कामगार" हा शब्द कायद्यात आला, राजस्थानने २०२३ मध्ये त्यांच्यासाठी वेगळा कायदा केला, हे सगळं कामगार हा शब्द परत मिळवायचंच काम चाललंय असं मला वाटतं.

तुम्ही अर्जावर, निवेदनावर सही करताना "अंगणवाडी कर्मचारी (सेविका)" असं लिहीत जा. आणि मुलीला संघटनेच्या मीटिंगला घेऊन जा, तिला बोलू द्या.

मी मूळचा अकोल्याकडचा, आमच्याकडे सगळ्यांनाच अरे-तुरे चालतं, त्यात अपमान नसतो. पुण्यात मी सोसायटीच्या वॉचमन काकांना "तू" म्हटलं तर शेजारच्या बाई मला संस्कार शिकवायला लागल्या. हे पुणेरी खूळ आहे की माझं चुकतंय? – एक वाचक, पुणे

तुमच्या बोलीचा अपमान कुणी करू नये हे आधी सांगते. वऱ्हाडात काय, कोल्हापूरकडे काय, तू म्हणण्यात जी जवळीक असते ती पुण्यातल्या कित्येक "आपण"मध्ये नसते, आईला तर सगळा महाराष्ट्र तू म्हणतो. पण गावाकडचं ते तू दोन्हीकडून असतं ना. तुम्ही बापूरावला तू म्हणता तर बापूराव पण तुम्हाला तू म्हणतो, वरून दोन शिव्या घालतो. पुण्यातल्या त्या काकांनी उद्या तुम्हाला "काय रे, आज लवकर निघालास" म्हटलं तर चालेल का? त्यांची नोकरी राहील का? तुम्हाला मनापासून चालत असेल आणि त्यांनाही ते ठाऊक असेल, तर खुशाल तू म्हणा, शेजारीण बाईंकडे लक्ष देऊ नका. पण ते तुम्हाला साहेब म्हणत असतील आणि तुम्ही त्यांना तू, तर त्याला वऱ्हाडी बोली म्हणू नका. तोपर्यंत "काका, तुम्ही" म्हणा, आणि बाकीचं वऱ्हाडी तसंच राहू द्या, ते गोड लागतं.

माझे वडील मार्केट यार्डात हमाल आहेत. कॉलेजच्या फॉर्मवर मी वडिलांचा व्यवसाय "बिझनेस" लिहिला. मित्र सारखं म्हणतात "काय हमाली करतोय", "हमालासारखं काय खातोस", त्यांना माहीत नाही. मी पानी, लोनी म्हणतो त्यावरही हसतात. वडिलांना हे कळलं तर काय वाटेल म्हणून झोप लागत नाही. – एक वाचक, पुणे

बाळा, फॉर्मवर बिझनेस लिहिलंस म्हणून स्वतःला एवढं टोचून घेऊ नकोस. ज्या वर्गात तू बसतोस तिथे ते लिहायची भीती वाटावी असं वातावरण इतरांनी केलंय. पण तुझ्या वडिलांच्या कामाबद्दल काही गोष्टी तुला कुणी सांगितल्या नसतील, कारण शाळेच्या पुस्तकात त्या फारशा येत नाहीत, म्हणून सांगते.

तू ज्या शहरात शिकतोस तिथेच डॉ. बाबा आढावांनी १९५० च्या दशकात हमाल पंचायत उभी केली. डॉक्टर माणूस, पण पाठीवर पोती वाहणाऱ्यांच्या बरोबर बसला, आणि संघटनेच्या नावात हमाल हाच शब्द ठेवला, त्याला गोड पर्याय शोधला नाही. मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना एकत्र केलं. या लोकांनी भांडून १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा करून घेतला. तोपर्यंत हमालाला मालकच नव्हता कागदावर, आज या गाळ्यावर, उद्या त्या गाळ्यावर, पोतं पाठीवर पडून कंबर मोडली तर विचारणारं कुणी नाही. त्या कायद्याने माथाडी बोर्ड, म्हणजे मंडळ झालं, मजुरी त्या बोर्डात जमा व्हायला लागली, त्यातून पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस, दवाखाना. एकाच मालकाकडे कायम नसलेल्या मजुराला हे सगळं देता येतं हे महाराष्ट्राच्या हमालांनी दाखवलं, आज गिग कामगारांसाठी कायदा करताना अभ्यासक याच कायद्याकडे बोट दाखवतात. आणि १९७४ साली हमाल पंचायतीने कष्टाची भाकर सुरू केली, स्वस्तात पोटभर जेवण, कॉलेजची कितीतरी गरीब मुलं तिथे जेवून शिकली. वडिलांना विचार, त्यांना यातलं माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल, बिल्ला दाखवतील, टोळी कशी चालते, तोलाई वाराईचे, म्हणजे माल तोलायच्या आणि चढवा-उतरवायच्या मजुरीचे, दर कसे ठरतात ते सांगतील.

पानी आणि लोनी याबद्दल. महाराष्ट्रातल्या कितीतरी लोकांच्या तोंडात न आहे, ण नाही, शेतात यार्डात कारखान्यात ज्यांचा दिवस जातो त्यातले लाखो लोक असंच बोलतात आणि एकमेकांना पूर्ण कळतं. पेपर लिहिताना प्रमाण भाषा लिही, मार्क त्याचे आहेत आणि ती तुझी पण भाषा आहे, शिकून घे. घरी बोलताना जीभ बदलू नकोस, आईशी "पाणी दे गं" म्हणायला लागलास की आई तुझ्याशी कमी बोलायला लागेल, मी हे होताना बघितलंय. मित्रांना एकदाच सांग, माझे वडील हमाल आहेत, ते शब्द माझ्यासमोर वापरू नका. जे खरे मित्र असतील ते ओशाळतील आणि गप्प बसतील. आणि पुढच्या वर्षीचा फॉर्म येईल तेव्हा काय लिहायचं ते तू ठरव, तुझी तयारी झाली की लिही, मी जबरदस्ती करणार नाही. (तुझ्या शिक्षकांनी हा अंक वाचला तर बरं होईल. सर, मॅडम, वर्गात "हमाली" आणि "चांभारचौकशी" हे शब्द तुम्हीही वापरत असाल, नसती चौकशी म्हटलं तरी अर्थ तोच राहतो. राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये जातीवरून पडलेली वस्त्यांची नावं बदलायचा निर्णय घेतला, समता नगर, क्रांती नगर अशी नावं सुचवली, मग वर्गातलं बोलणं बदलायला सरकारी आदेशाची वाट कशाला बघायची.)

आमच्याकडे कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना मुलं "कचरेवाली आली" म्हणून हाक मारतात. काय म्हणायला शिकवू? – एक वाचक, पुणे

कचरावेचक म्हणा, आणि हाक मारताना नावाने, ताई लावून. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली, त्या बायकांनी ओळखपत्रं मिळवली, आणि पुढे २००८ च्या सुमारास स्वच्छ ही त्यांची स्वतःची सहकारी संस्था महापालिकेबरोबर घरोघरचा कचरा न्यायला लागली. तुमच्या दारात येणाऱ्या ताई बहुतेक त्याच संस्थेच्या सभासद असतील, गळ्यातलं ओळखपत्र बघा, त्यावर नाव असतं.

पण मुलांना हाक शिकवाल तेव्हा अजून एक शिकवा, तुम्ही स्वतःही करा. सॅनिटरी पॅड आणि डायपर ओल्या कचऱ्यात तसेच टाकू नका, त्या ताई ते सगळं हाताने वेगळं करतात आणि त्यातून त्यांना इन्फेक्शन होतं. कागदात नीट गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा आणि वेगळं द्या, ही लाल ठिपक्याची मोहीम कचरावेचक बायकांनीच पुण्यात चालवली, आणि २०१६ च्या घनकचरा नियमांतही हा कचरा गुंडाळून वेगळा द्यायला सांगितलं होतं. फुटलेली काच आणि ब्लेडचं पण तसंच, जाड कागदात बांधून वर "काच" असं मोठ्या मराठी अक्षरात लिहा, आणि ताईंना वाचता येत नसेल तर हातात देताना तोंडाने सांगा.